फ्लॅट-पॅक फर्निचरमधील स्क्रूंची निवड

फ्लॅट-पॅक फर्निचर म्हणजे कारखान्यात कापून, भोके पाडून, चपट्या खोक्यात भरून विकले जाणारे आणि ग्राहकाच्या घरी स्क्रू, बोल्ट व लाकडी खुंट्यांच्या साहाय्याने उभे केले जाणारे फर्निचर होय. कपाटे, पुस्तकांचे मांडे, पलंग, अभ्यासाची मेजे, दूरचित्रवाणी संचाची बैठी कपाटे असे अनेक प्रकार या पद्धतीने तयार होतात. अशा फर्निचरमधील एखादा स्क्रू हरवल्यास, तुटल्यास किंवा त्याची पकड सुटल्यास त्याच्या जागी योग्य स्क्रू बसवणे हा दुरुस्तीचा सर्वांत नेहमीचा भाग असतो.

हे काम दिसते तितके साधे नाही. या फर्निचरच्या फळ्या बहुधा भुशाच्या किंवा लाकडी तंतूंच्या असतात, भोके आधीच ठरावीक मापाने पाडलेली असतात आणि प्रत्येक भोक विशिष्ट जातीच्या स्क्रूसाठीच असते. सागवानी कपाटाला चालणारा स्क्रू येथे चालेलच असे नाही. चुकीचा स्क्रू फळी फोडतो, पलीकडून बाहेर येतो किंवा काही महिन्यांत सैल होतो. उंच कपाट किंवा पलंग यांच्या बाबतीत अशी चूक घरातील माणसांना, विशेषतः लहान मुलांना, धोकादायक ठरू शकते.

इतिहास

सुटे भाग पाठवून ते मुक्कामी जोडण्याची कल्पना एकोणिसाव्या शतकातील आहे. मिखाएल थोनेट या कारागीर-उद्योजकाची १८५९ सालची १४ क्रमांकाची खुर्ची हे तिचे प्रसिद्ध उदाहरण मानले जाते. वाफेवर वाकवलेल्या लाकडाचे ६ भाग, १० स्क्रू आणि २ नट एवढ्यावर ही खुर्ची उभी राहत असे. एक घनमीटरच्या खोक्यात अशा ३६ खुर्च्यांचे सुटे भाग मावत.

विसाव्या शतकात दोन घटकांनी या पद्धतीला गती दिली. पहिला घटक म्हणजे पार्टिकल बोर्ड. १९३०च्या दशकात माक्स हिमेलहेबर यांनी जर्मनीत लाकडाच्या चिपांपासून फळी बनवण्याच्या पद्धतीवर काम केले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर अशा फळ्यांचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले. दुसरा घटक म्हणजे चपट्या खोक्यातून विक्री. स्वीडनमधील आयकिया या कंपनीने १९५६च्या सुमारास मेजाचे पाय सुटे करून ते सपाट खोक्यात विकण्यास आरंभ केला. या कंपनीचे भारतातील पहिले दुकान २०१८ साली हैदराबाद येथे आणि महाराष्ट्रातील पहिले दुकान २०२० साली नवी मुंबईत सुरू झाले. भारतीय कारखानदारही आज या पद्धतीचे फर्निचर मोठ्या प्रमाणावर बनवतात.

युद्धोत्तर युरोपात भोकांच्या मापांचे प्रमाणीकरणही झाले. '३२ मिमी पद्धत' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या रचनेत कपाटाच्या आतील बाजूंवर ५ मिमी व्यासाची भोके एकमेकांपासून ३२ मिमी अंतरावर एका ओळीत असतात. पुढची ओळ फळीच्या दर्शनी कडेपासून ३७ मिमी आत असते. बिजागऱ्या, खणांच्या पट्ट्या व कप्प्यांचे टेकू याच भोकांत बसतात. ही मापे ठाऊक असल्यास अनोळखी कपाटातही कोणता स्क्रू लागेल याचा अंदाज बांधता येतो.

फळ्यांचे स्वरूप

स्क्रूची पकड मुख्यतः तीन गोष्टींवर अवलंबून असते: स्क्रूचा व्यास, फळीत रुतलेल्या आट्यांची लांबी आणि फळीची घनता. अखंड लाकडात लांब तंतू आट्यांना धरून ठेवतात. पार्टिकल बोर्डमध्ये तंतूंऐवजी डिंकाने सांधलेल्या चिपा असतात. या फळीचे वरचे व खालचे थर बारीक चिपांचे व घट्ट, तर मधला गाभा जाड चिपांचा व सैलसर असतो. त्यामुळे दर्शनी पृष्ठातून घातलेला स्क्रू कडेतून घातलेल्या स्क्रूपेक्षा अधिक घट्ट बसतो. भारतीय मानकांतही स्क्रू उपटण्याची चाचणी पृष्ठासाठी व कडेसाठी वेगवेगळी धरलेली आहे. साध्या पार्टिकल बोर्डसाठी आयएस ३०८७ आणि लॅमिनेट लावलेल्या बोर्डसाठी आयएस १२८२३ ही मानके आहेत.

एमडीएफ ही बारीक तंतूंची फळी असून ती जाडीभर बरीचशी एकसारखी असते. तिच्या पृष्ठात स्क्रू चांगला धरतो. मात्र आधी भोक न पाडता कडेत स्क्रू पिळल्यास ती थरांमध्ये सहज फाटते. प्लायवूडची पकड या दोहोंपेक्षा बरी असते, परंतु स्वस्त फ्लॅट-पॅक फर्निचरमध्ये प्लायवूड क्वचित आढळते. कपाटाच्या मागील बाजूस साधारण ३ मिमी जाडीची पातळ फळी असते. तिच्यात स्क्रूचे आटे धरण्याइतकी जाडी नसते. ती केवळ डोक्याखाली दाबून धरली जाते.

स्क्रूंचे मुख्य प्रकार

चिपबोर्ड स्क्रू: बारीक गाभा, खोल व विरळ आटे आणि अणकुचीदार टोक ही याची लक्षणे होत. बिजागऱ्या, खणांच्या पट्ट्या, कोनपट्ट्या यांसाठी हा वापरतात. ३, ३.५, ४, ४.५ व ५ मिमी हे नेहमीचे व्यास आहेत. कपाटाच्या दाराची बिजागरी दारात बसवण्यासाठी ३.५ × १६ मिमीचा स्क्रू सर्वाधिक प्रचलित आहे.

कन्फर्मॅट स्क्रू: एका फळीच्या पृष्ठातून दुसरीच्या कडेत घालण्यासाठी बनवलेला जाड, बोथट टोकाचा स्क्रू. हे नाव हेफेले या जर्मन कंपनीचे असले, तरी बाजारात ते जातिवाचक झाले आहे. ७ × ५० मिमी हे त्याचे नेहमीचे माप होय. याच्यासाठी वरच्या फळीत ७ मिमीचे आरपार भोक आणि कडेत ५ मिमीचे भोक लागते. मानेजवळचा जाड भाग वरच्या फळीत घट्ट बसतो व आटे कडेला धरतात.

युरो स्क्रू: ६.३ मिमी व्यासाचा, आखूड व सपाट टोकाचा स्क्रू. ३२ मिमी पद्धतीतील ५ मिमीच्या भोकांत हाच बसतो. बिजागरीची बैठक आणि खणांच्या पट्ट्या कपाटाच्या बाजूला लावण्यासाठी तो वापरतात. त्याची लांबी बहुधा ११ ते १४ मिमी असते.

कॅम व त्याचा खिळेवजा बोल्ट: सुतार याला सरसकट 'मिनीफिक्स' म्हणतात. एका फळीच्या पृष्ठात बोल्ट बसतो, त्याचे गोल डोके दुसऱ्या फळीच्या कडेतून आत जाते आणि तेथील १५ मिमी व्यासाची जस्त-मिश्रधातूची चकती अर्धा फेरा फिरवताच ते डोके ओढून धरले जाते. येथे बोल्टचा व्यासच नव्हे, तर फळीबाहेर राहणारी त्याची लांबीही नेमकी लागते. भोकांची रचना बहुधा कडेपासून २४ किंवा ३४ मिमी अंतराची असते. एका मापाचा बोल्ट दुसऱ्या मापाच्या रचनेत वापरल्यास चकती डोके पकडूच शकत नाही.

मशीन स्क्रू व बोल्ट: यांचे आटे लाकडात नव्हे, तर धातूच्या नटात फिरतात. मुठींसाठी एम ४ आणि पलंग, मेज व खुर्च्यांसाठी एम ६ व एम ८ ही मापे नेहमीची आहेत. पलंगाच्या बोल्टसमोर आडव्या भोकात दंडगोल नट बसवलेला असतो. त्याच्या डोक्यावरील खाच बोल्टच्या दिशेला समांतर ठेवल्यावरच बोल्ट त्यात शिरतो.

लाकडी खुंट्या: या स्क्रू नसल्या तरी जोडणीतील निम्मे काम त्या करतात. ८ × ३० मिमीची खुंटी फळ्या सरकू देत नाही आणि स्क्रू फळ्यांना एकत्र दाबून ठेवतो. खुंटी गाळून केवळ जाड स्क्रू घातल्यास सगळा आडवा भार त्या स्क्रूभोवतीच्या चिपांवर येतो.

मापे सांगण्याच्या दोन रीती

आंतरराष्ट्रीय मेट्रिक रीतीत व्यास आधी आणि लांबी नंतर लिहितात. '४ × ३०' म्हणजे ४ मिमी जाड व ३० मिमी लांब. भारतातील हार्डवेअरच्या दुकानांत मात्र लाकडाच्या स्क्रूंच्या डब्यांवर बहुधा लांबी आधी व जाडीचा क्रमांक नंतर असतो. '३५ × ८' म्हणजे ३५ मिमी लांब व ८ क्रमांकाचा स्क्रू. हा ८ म्हणजे ८ मिमी नव्हे. पुस्तिकेतील माप आणि डब्यावरील माप यांची गल्लत येथेच होते.

क्रमांकाचे गणित सरळ आहे. शून्य क्रमांकाचा व्यास ०.०६० इंच धरतात आणि पुढील प्रत्येक क्रमांकामागे ०.०१३ इंच वाढवतात. म्हणून ८ क्रमांकाचा व्यास ०.०६० + ८ × ०.०१३ = ०.१६४ इंच, म्हणजे सुमारे ४.२ मिमी येतो.

| क्रमांक | व्यास, मिमी (सुमारे) |
|---|---|
| ४ | २.८ |
| ५ | ३.२ |
| ६ | ३.५ |
| ७ | ३.८ |
| ८ | ४.२ |
| १० | ४.८ |
| १२ | ५.५ |

यावरून ३.५ मिमीच्या स्क्रूऐवजी ६ क्रमांकाचा आणि ४ मिमीच्या स्क्रूऐवजी ७ किंवा ८ क्रमांकाचा स्क्रू मागता येतो. जुने सुतार लांबी अजूनही इंच व सुतांत सांगतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, अर्थात ३.१७५ मिमी. 'पाऊण इंची' स्क्रू सुमारे १९ मिमीचा आणि 'दीड इंची' सुमारे ३८ मिमीचा असतो.

मूळ स्क्रू ओळखणे

हरवलेल्या स्क्रूचा सर्वांत विश्वसनीय पुरावा त्याच फर्निचरमध्ये असतो. कपाटाच्या डाव्या व उजव्या बाजू सहसा एकमेकींची प्रतिबिंबे असतात. उजवीकडचा स्क्रू गेला असेल, तर डावीकडचा त्याच जागेचा स्क्रू काढून तोच नमुना दुकानात न्यावा. नमुना काढताना त्या भागाचा भार दुसऱ्या कोणी हाताने तोलून धरणे आवश्यक असते. जोडणीची पुस्तिका जपून ठेवलेली असल्यास तिच्यात प्रत्येक सुट्या भागाचे चित्र, संख्या आणि पुष्कळदा क्रमांकही असतो. काही उत्पादक त्या क्रमांकावरून सुटे भाग पुरवतात. कॅम व त्याचा बोल्ट यांच्या बाबतीत हाच मार्ग सर्वांत सोयीचा ठरतो.

स्क्रू मोजताना पुढील बाबी पाहाव्यात.

लांबी: बुडीत डोक्याचा स्क्रू, ज्याला दुकानात 'सीएसके' म्हणतात, डोक्याच्या वरच्या पृष्ठापासून टोकापर्यंत मोजतात, कारण त्याचे डोके फळीत बुडते. गोल किंवा चपट्या बुडाच्या डोक्याचा स्क्रू डोक्याच्या खालच्या बाजूपासून मोजतात.

व्यास: आट्यांच्या बाहेरच्या कडांवर मोजावा, गाभ्यावर नव्हे. शाळेच्या प्रयोगशाळेत वापरतात तो व्हर्नियर कॅलिपर यासाठी उत्तम. तो नसल्यास भोकाचे माप ड्रिलच्या बिटांनी घेता येते. हलके आत जाणारे सर्वांत जाड बिट ज्या मापाचे, सुमारे तेच भोकाचे माप.

आट्यांमधील अंतर: मशीन स्क्रूसाठी हे अत्यावश्यक आहे. स्क्रू मोजपट्टीवर ठेवून सलग १० आट्यांचे अंतर मोजावे व १० ने भागावे.

डोक्यातील खाच: फुलीच्या दोन जाती दिसायला सारख्या, पण वेगळ्या आहेत. साध्या फिलिप्स खाचेत चार भुजा असतात. पोझिड्राइव्ह खाचेत त्या चार भुजांच्या मधोमध चार बारीक रेघाही असतात. युरोपीय धाटणीच्या फर्निचरमध्ये दुसरी जात अधिक आढळते. तिच्यात फिलिप्सचा स्क्रू ड्रायव्हर घातल्यास तो उसळून बाहेर येतो व खाच खराब होते. नवा स्क्रू घेताना जवळ असलेल्या स्क्रू ड्रायव्हरला जुळणारी खाच निवडणे श्रेयस्कर.

मेट्रिक व इंची आटे

धातूच्या नटात बसणाऱ्या स्क्रूच्या बाबतीत 'साधारण तेवढाच' हे उत्तर चालत नाही. एम ६ चा व्यास ६ मिमी व आट्यांमधील अंतर १ मिमी असते, तर पाव इंची बोल्टचा व्यास ६.३५ मिमी व आटे एका इंचात २०, म्हणजे १.२७ मिमी अंतरावर असतात. दहा आटे एम ६ वर १० मिमी व पाव इंची बोल्टवर १२.७ मिमी जागा घेतात. एवढी एकच मोजणी संशय फेडण्यास पुरेशी आहे. अशाच रीतीने मुठींच्या एम ४ स्क्रूची अमेरिकी धाटणीच्या ८ क्रमांकी, एका इंचात ३२ आटे असलेल्या स्क्रूशी गल्लत होते. परदेशातून आणलेल्या मुठी व फर्निचर यांच्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवावे.

| माप | आट्यांमधील अंतर, मिमी | उंच गोल डोक्यासाठी ॲलन की, मिमी |
|---|---|---|
| एम ४ | ०.७ | ३ |
| एम ५ | ०.८ | ४ |
| एम ६ | १ | ५ |
| एम ८ | १.२५ | ६ |

फर्निचरच्या चपट्या डोक्याच्या एम ६ बोल्टला मात्र बहुधा ४ मिमीची ॲलन की लागते. योग्य बोल्ट पहिले तीन-चार फेरे नुसत्या बोटांनी फिरतो. तसे होत नसल्यास बळ न लावता माप पुन्हा तपासावे, कारण नटाचे आटे एकदा गेले की नटही बदलावा लागतो.

लांबी ठरवणे

फ्लॅट-पॅक फर्निचरमध्ये सर्वाधिक चुका लांबीच्या होतात. पृष्ठात घालावयाच्या स्क्रूसाठी नियम असा की, वर ठेवलेल्या वस्तूची जाडी वजा केल्यावर उरणारी लांबी फळीच्या जाडीपेक्षा निदान २ ते ३ मिमी कमी असावी. उदाहरणार्थ, १८ मिमी फळीवर २ मिमी जाड पट्टी लावताना १६ मिमीचा स्क्रू १४ मिमी रुततो व ४ मिमी फळी शिल्लक राहते. तेथे २० मिमीचा स्क्रू वापरल्यास टोक पलीकडच्या लॅमिनेटला भिडते व त्यावर फोड येतो किंवा ते टोक सरळ बाहेर येते.

दोन फळ्या काटकोनात जोडताना वरच्या फळीची जाडी वजा करून कडेत किती लांबी जाते ते पाहावे. १८ मिमी फळीतून गेलेला ७ × ५० मिमीचा कन्फर्मॅट कडेत ३२ मिमी रुततो. तेथे ३० मिमीचा साधा स्क्रू घातल्यास केवळ १२ मिमी पकड मिळते आणि कडेच्या सैल गाभ्यात ती पुरेशी नसते.

मुठीच्या मशीन स्क्रूची लांबी म्हणजे फळीची जाडी अधिक मुठीत शिरणारी लांबी. १८ मिमीच्या दारासाठी २५ मिमीचा एम ४ स्क्रू बहुधा जुळतो. पलंगाच्या बोल्टच्या बाबतीत जास्त लांबी ही कमी लांबीइतकीच घातक असते. जादा लांब बोल्ट भोकाच्या तळाला टेकतो, हाताला घट्ट लागतो, पण सांधा मात्र मोकळाच राहतो. सर्व बोल्ट आवळूनही पलंग करकरत असेल, तर हे कारण तपासावे.

निवडीतील नेहमीच्या चुका

काळे ड्रायवॉल स्क्रू: जिप्समच्या छतासाठी बनवलेले हे स्क्रू स्वस्त व सर्वत्र मिळणारे असल्याने सर्रास वापरले जातात. ते कठीण, परंतु ठिसूळ असतात. आडव्या भाराखाली ते वाकत नाहीत, तर एकाएकी तुटतात. शिवाय त्यांचा मुलामा दमटपणात फार काळ टिकत नाही. पलंग, खुर्ची, भिंतीवरील कपाट यांसाठी ते वापरू नयेत.

कन्फर्मॅटच्या भोकात साधा स्क्रू: कडेतील ५ मिमीच्या भोकात ४ मिमीच्या स्क्रूचे आटे कशालाच धरत नाहीत. वरच्या ७ मिमीच्या भोकातून त्याचे डोकेही आत ओढले जाण्याचा संभव असतो.

बुडीत व चपट्या डोक्यांची अदलाबदल: पातळ मागची फळी किंवा सपाट धातुपट्टी यांना चपट्या बुडाचे डोके लागते. शंकूसारखे डोके पातळ फळीत पाचरीसारखे शिरून ती फाडते.

विजेच्या ड्रिलने शेवटपर्यंत पिळणे: पार्टिकल बोर्डमध्ये स्क्रू घट्ट बसल्यानंतरचा अर्धा फेराही भोकातील आटे चिरडू शकतो. कॅमची चकती तर हातानेच फिरवावी. शेवटचे फेरे हाताने देण्याची सुतारांची रीत याच कारणाने रूढ झाली आहे.

जुन्या भोकात स्क्रू परत घालताना तो आधी उलट दिशेने सावकाश फिरवावा. 'टक्' असा बारीक धक्का जाणवला की आटे जुन्या चरीत बसले असे समजून मग तो सुलट पिळावा. असे न केल्यास प्रत्येक वेळी नवी चर पडते व भोक लवकर सैल होते.

फसलेल्या भोकाची दुरुस्ती

स्क्रू योग्य असूनही तो नुसताच गरगर फिरत असेल, तर दोष भोकात असतो. पुढील उपाय सौम्यापासून कठोराकडे या क्रमाने करून पाहावेत.

१. फळीची जाडी परवानगी देत असल्यास त्याच व्यासाचा थोडा लांब स्क्रू वापरणे.

२. एका मापाने जाड स्क्रू वापरणे, जसे ३.५ मिमीऐवजी ४ मिमी. मात्र बिजागरीच्या खळग्यात त्याचे डोके पूर्ण बसते का हे आधी पाहावे. वर राहिलेले डोके दार मिटू देत नाही.

३. भोकात लाकडाला चिकटणारा गोंद व आगकाड्यांचे तुकडे भरून, वाळल्यावर मूळ स्क्रू घालणे. हलक्या दारांसाठी हा उपाय पुरतो, जड भारासाठी नाही.

४. भोक ८ मिमीपर्यंत मोठे करून त्यात गोंद लावून ८ मिमीची लाकडी खुंटी ठोकणे, रात्रभर वाळू देणे, वरचा भाग समतल कापणे व मधोमध नवे भोक पाडणे. ३.५ मिमी स्क्रूसाठी हे भोक २ ते २.५ मिमी असावे. खुंटीच्या टोकात घातलेला स्क्रू लाकडाच्या आडव्या तंतूंइतका घट्ट धरत नसला, तरी चुरा झालेल्या बोर्डपेक्षा ही पकड पुष्कळ चांगली असते.

५. बिजागरीची बैठक काही मिमी वर-खाली सरकवून अस्पर्शित जागी नवी भोके पाडणे.

६. आरपार मशीन स्क्रू घालून पलीकडे रुंद वॉशर व नट लावणे, किंवा आतून धातूची कोनपट्टी बसवणे. रूपापेक्षा बळकटी महत्त्वाची असेल तेथे हा सर्वांत भरवशाचा उपाय होय.

पाण्याने फुगलेल्या पार्टिकल बोर्डला यांपैकी पहिले चार उपाय लागू पडत नाहीत. फुगलेल्या भागातील चिपांमधील बंध तुटलेला असतो आणि फळी वाळली तरी तो पुन्हा जुळत नाही. अशी फळी बदलावी किंवा जोड निरोगी भागाकडे हलवावा.

हवामान व गंज

बहुतेक स्क्रूंवर जस्ताचा पातळ मुलामा असतो व कोरड्या खोलीसाठी तो पुरेसा असतो. कोकण, मुंबई व गोवा येथील खारा वारा आणि पावसाळ्यातील दमटपणा यांत तो लवकर निकामी होतो. स्वयंपाकघरातील सिंकखालचे कपाट, न्हाणीघर व सज्जा येथे स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरणे इष्ट. मात्र स्टेनलेस स्टील कठीण केलेल्या पोलादापेक्षा मऊ असल्याने बारीक स्क्रू पिळताना तुटू शकतो. म्हणून आधी योग्य मापाचे भोक पाडणे अधिकच आवश्यक ठरते. पावसाळ्यानंतर दारांच्या बिजागऱ्या व पलंगाचे बोल्ट एकदा तपासणे उपयुक्त असते, कारण दमटपणात फुगलेली फळी कोरडी होताना सांध्यात किंचित ढिलेपणा येतो.

सुरक्षितता

मागची पातळ फळी हा केवळ आडोसा नसतो. ती चौकट काटकोनात ठेवते. तिचे स्क्रू किंवा चुका निघाल्या असता कपाट बाजूला कलते व सर्व सांध्यांवर ताण येतो. त्यामुळे कपाट डुलत असल्यास मोठे स्क्रू आणण्यापूर्वी मागची फळी पाहावी. ती पुन्हा लावताना कपाटाचे दोन्ही कर्ण मोजावेत. ते समान असल्यासच चौकट काटकोनात आहे असे समजावे.

उंच कपाट व खणांचे कपाट भिंतीला जखडण्याचे स्क्रू हे संपूर्ण संचातील सर्वांत महत्त्वाचे स्क्रू होत आणि घर बदलताना नेमके तेच पुष्कळदा मागे राहतात. वरचे खण एकदम उघडले गेल्यास किंवा मूल त्यांवर चढल्यास कपाटाचा भार पुढे सरकतो व ते उलटते. अशा अपघातांत मुले दगावल्यानंतर आयकियाने २०१६ साली अमेरिकेत सुमारे २ कोटी ९० लाख खणांची कपाटे परत मागवली. कपाटांच्या स्थिरतेसंबंधी 'स्टर्डी' या नावाने ओळखला जाणारा कायदा तेथे २०२२ साली झाला.

विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत स्क्रू थेट न घालता प्लगमध्ये घालावा. ८ मिमीच्या नायलॉन प्लगला साधारण ४.५ ते ६ मिमीचा स्क्रू लागतो. प्लग गिलाव्यात नव्हे, तर त्यामागील विटेत किंवा काँक्रीटमध्ये बसला पाहिजे. म्हणून स्क्रूची लांबी ठरवताना प्लगची लांबी, गिलाव्याची जाडी व पट्टीची जाडी यांची बेरीज करावी. पट्टीचे दुसरे टोक कपाटाच्या जाड वरच्या किंवा बाजूच्या फळीत स्क्रूने बसवावे, मागच्या ३ मिमी फळीत कधीही नाही. भोक पाडण्यापूर्वी विजेच्या तारांचा व नळांचा मार्ग जाणून घ्यावा. स्विचच्या सरळ वर व खाली भोक पाडणे टाळावे.

लहान मुलांचा पाळणा, दुमजली पलंग आणि भिंतीवर टांगलेली जड कपाटे यांच्या बाबतीत अंदाजाने निवडलेला स्क्रू वापरू नये. मूळ उत्पादकाचा भाग किंवा त्याच व्यासाचा, लांबीचा व जातीचा स्क्रू मिळेपर्यंत ती वस्तू वापरातून बाजूला ठेवणे हेच योग्य होय.

हेही पाहा

पार्टिकल बोर्ड
एमडीएफ
बिजागरी
व्हर्नियर कॅलिपर